यादीत नसलेला बंब

सहा हिवाळ्यांपूर्वी आमच्या बेळगावातल्या गल्लीत धुराची एक यादी झाली. धूर कुठून कुठून येतो, कोण काय जाळतं, किती वेळ जाळतं, असं सगळं तिच्यात होतं. ती यादी माझ्या हातची आहे. एक प्रत कन्नडमध्ये महापालिकेच्या कचेरीत गेली, दुसरी मराठीत देवळाच्या काचेच्या फळ्यात लागली. मी जन्मभर फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो लाकडी नमुना दाबतात, तो करणं हे माझं काम. ड्रॉइंगवर अक्षरं काढून काढून माझं अक्षर छापल्यासारखं झालं आहे, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. यादीत अकरा नोंदी होत्या. बारावी लिहिली गेली नाही, आणि ती खरं तर पहिली असायला हवी होती. ती नसल्यामुळे एका माणसाची भट्टी विझली आणि मला शाल-नारळ मिळाला.

ती नोंद का राहिली हे सांगायचं तर आधी माझ्या साडूविषयी सांगावं लागेल.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मूळचा खानापूरकडचा. वीज खात्यात लाइनमन म्हणून लागला आणि ऑफिसर होऊन बाहेर पडला. आमच्या शेजारचं घर विकायला निघालं तेव्हा मीच त्याला ते सुचवलं. दोघी बहिणी भिंतीला भिंत लावून राहतील, एवढाच विचार होता. त्या भिंतीपलीकडचं सगळं मला पुढे रोज ऐकावं लागेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

हेवा नेमका कशाचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्याचं घर माझ्याहून मोठं नव्हतं. रूपानेही तो बेताचाच. पण तो बोलायला लागला की माणसं थांबत, आणि मी बोलायला लागलो की त्यांना कामं आठवत. त्याने कुंडीत नुसती खोचलेली काडी रुजायची. मी खत-पाणी घातलेलं रोप वाळायचं. माझ्या एखाद्या बोलण्यावर माझी बायको खळखळून हसल्याचं मला आठवत नाही. भिंतीपलीकडे तो काही बोलला की ही इकडे ओट्यापाशी एकटीच हसत उभी. "काय झालं?" म्हणून विचारावं तर म्हणायची, "काय न्हाय हो, आप्पा बोलालेत." त्याला सगळी गल्ली आप्पा म्हणायची. मला अण्णा म्हणायची, पण ते वयामुळे.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या वरचढ होतो. माझ्याकडे बंब होता.

तांब्याचा, गुडघ्याच्या वर येणारा, पोटातून उभं नळकांडं गेलेला. नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. सासऱ्यांनी थोरल्या मुलीला लग्नात दिला होता. बेळगावच्या थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघते, आणि तेव्हा गल्लीत कढत पाणी म्हणजे मान होता. मी पाचला उठून बंब पेटवायचो. सहाला साडू खांद्यावर टॉवेल आणि हातात बादली घेऊन मागच्या दारात. "अण्णा, झालं का आमचं पाणी?" मग बंबापाशी उकिडवा बसून, हात शेकत, रात्री कुठल्या खांबावर काय बिघडलं होतं ते सांगायचा. मागोमाग आणखी दोघं-तिघं यायचे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर साडूच्या घरची सगळी तेल-उटणं लावून माझ्या न्हाणीसमोर ओळीने उभी राहायची. मी तांब्या-तांब्याने पाणी विसणायचो. कुणाला किती पाणी लागतं, कुणाला कढत लागतं, कुणाला कोमट, हे मला पाठ होतं. त्या महिना-दोन महिन्यांत मी गल्लीत कुणीतरी असायचो.

निवृत्त झाल्यावर साडूने गच्चीवर सोलर बसवला.

पहिल्या दिवशी तो मला हाताला धरून वर घेऊन गेला. काळ्या काचेच्या नळ्या उन्हात चमकत होत्या. खाली येऊन त्याने न्हाणीतला नळ सोडला आणि माझं बोट धारेखाली धरलं. चटका बसला.

"बघितलासा? लाकूड न्हाय, धूर न्हाय, राख न्हाय. अण्णा, आता या वयात लाकडं फोडत बसू नका. भिंतीतनं पाइप टाकतो, तुमच्या न्हाणीत नळ सोडतो. आक्काचं बी कष्ट वाचतील."

माझ्या बायकोचा चेहरा असा उजळला, की तेवढ्यासाठी तरी मी हो म्हणायला हवं होतं.

"नको," मी म्हणालो. "उन्हाचं पाणी मला सोसत न्हाय."

"उन्हाचं पाणी?"

"अंग खाजतं."

हे मी का बोललो, देव जाणे. पण गल्लीला आयता विनोद मिळाला. पुढची दोन वर्षं कुणाला काही नको असलं की म्हणायचे, "नको बाबा, अण्णागत मला बी उन्हाचं पाणी सोसत न्हाय." साडू हे ऐकून कधी हसला नाही. त्याचाही मला राग यायचा. हसला असता तर निदान त्याला एकदा वाईट ठरवता आलं असतं.

त्या दिवाळीत तेल-उटणं लावलेली रांग त्याच्या न्हाणीसमोर लागली. माझी बायकोही त्या रांगेत होती. मी माझ्या बंबाच्या पाण्याने एकट्याने आंघोळ केली, आणि पाणी एवढं उरलं की शेवटी अंगणात ओतलं.

मग मी धुक्याची वाट बघायला लागलो. धुक्याच्या दिवशी सोलरचं पाणी कोमट येतं, हे मी विचारून ठेवलं होतं. आमच्याकडे डिसेंबरात असे दिवस येतात की दहा वाजेपर्यंत समोरचं घर दिसत नाही. असा पहिला दिवस उगवला तेव्हा मी बंब भरभरून पेटवला आणि भिंतीवरून हाक मारली, "आप्पा, बादली आणतासा काय?"

"नको अण्णा, हाय की गरम!" पलीकडून आवाज आला. "आत कॉइल बसवलीया. ऊन नसलं की बटण दाबायचं!"

वीज खात्यातला माणूस. त्याने कॉइल बसवली नसती तरच नवल.

आता मी जे सांगणार आहे ते या वर्षीच्या थंडीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न बंद होऊन मशीनवर कापलेले आले, तेव्हा जुन्या पॅटर्नची खोली रिकामी करायची ठरली. मालकाने मला बोलावून सांगितलं, यातलं काय हवं ते न्या. मी टेम्पोभर आणले. त्यातले कितीतरी माझ्याच हातचे. पंपांची कवचं, पुलींची अर्धुकं, गिअरचे डबे. सागवान आणि पाइन, पण कोरं लाकूड नव्हे. पॅटर्न वाळूला चिकटू नये म्हणून त्यावर लाल-काळ्या रंगाचे थर देतात, कोपरे पुटीने भरतात, जोड रसायनाच्या गोंदाने बसवतात. असलं लाकूड जाळू नये हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. उमेदवारीला येणाऱ्या पोरांना मीच सांगायचो, रंगाचे तुकडे शेगडीत टाकू नका, डोळे जातील.

पण ते फुरफुरून पेटायचं. निलगिरीच्या ओंडक्याला जो जाळ अर्ध्या तासात येत नाही तो याला पाच मिनिटांत. माझं पाणी साडूच्या पाण्याहून कढत व्हायचं. कुणी बघायला येत नव्हतं, तरी मी रोज बोट घालून बघायचो आणि मनात म्हणायचो, हे बघ.

बंबाचं धुराडं न्हाणीच्या पत्र्यातून वर निघत होतं. साडूच्या मागच्या खोलीच्या खिडकीच्या बरोबरीने. त्याने एकदा सांगून बघितलं, "अण्णा, पाइप चार फूट वर उचलू या का? सोलरच्या काचेवर काजळी बसालीया. मी शिडी आणतो." मी म्हणालो, बघतो. त्या आठवड्यात मी बाजारातून पत्र्याचा एक बाक, म्हणजे कोपरासारखा वळलेला नळीचा तुकडा, आणून धुराड्याच्या तोंडाला बसवला. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून, असं बायकोला सांगितलं. जानेवारी चालू होता. पाऊस कुठला? बाकाचं तोंड चार दिशांपैकी कुठेही फिरवता येत होतं. मी ते पश्चिमेला, त्याच्या गच्चीकडे केलं. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळचा वारा पूर्वेचा असतो, आणि थंडीत धूर वर चढत नाही, जड होऊन खाली बसतो. मला काच काळी करायची होती. एवढंच मनात होतं. खिडकीच्या आत कोण झोपतं हे मला माहीत होतं, पण ते मी मनात येऊ दिलं नाही.

त्या खोलीत माझी मेहुणी झोपायची.

तिचा खोकला संक्रांतीच्या सुमाराला सुरू झाला. आधी सगळ्यांना सर्दी वाटली. मग सकाळी उठून बसता येईना. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि तो भिंतीतून मला ऐकू यायचा. डॉक्टरांनी विचारलं, घरात चूल आहे का? साडू म्हणाला, गॅस आहे, सोलर आहे, आमच्या घरात काडीसुद्धा पेटत नाही. डॉक्टर म्हणाले, मग बाहेरचा धूर असेल, थोडे दिवस दुसरीकडे नेऊन बघा. कणकुंबीला साडूची बहीण होती. रानातलं गाव. तिथे महिनाभरात मेहुणी चालायला लागली, भाकऱ्या थापायला लागली. परत आली आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. पुढच्या हिवाळ्यात तर दिवाळीनंतर लगेच. बायको तिच्या उशाशी बसून यायची आणि म्हणायची, "धाकटीला तिकडंच ऱ्हायला लागणार वाटतं. माझी शेजारीण गेली आता."

बंब रोज पेटत होता. मी बाक फिरवला नाही. फिरवला तर आधी तो तिकडे होता हे कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी मी स्वतःला सांगत होतो. तेवढंच नव्हतं, हेही लिहितो. साडू पहिल्यांदाच हताश दिसत होता. त्याच्या बोलण्याला माणसं थांबत नव्हती, कारण तो बोलतच नव्हता. मला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठेतरी बरंही वाटत होतं.

मग गल्लीची बैठक झाली. देवळाच्या कट्ट्यावर, रविवारी सकाळी. ठरलं की धुराचा बंदोबस्त करायचा, कचेरीत अर्ज द्यायचा, आणि अर्जाला यादी जोडायची. मी कागद घेऊन बसलो आणि एकेक जण सांगत गेला.

"झाडलोट झाली की पानं पेटवत्यात, ते लिवा."

"इस्त्रीवाल्याचा कोळसा."

"रिक्षा स्टँडवरची शेकोटी. टायर घालत्यात तिच्यात!"

"गावाबाहेर उसाचं पाचट जाळालेत, त्याची काजळी इथवर येतीया. माझ्या धुण्यावर बघा!"

"ती कुणाच्या नावावर लिवायची?"

"लिवा, शेतकरी, रा. चहूकडं!"

हशा झाला. मग कुणीतरी म्हणालं, "आणि बेकरी?"

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला आम्ही मामा म्हणायचो. निपाणीकडचा माणूस. पाव, बटर, खारी, टोस्ट, सगळं लाकडाच्या भट्टीत. पहाटे चारला त्याचं धुराडं काळा धूर ओकायचं आणि सगळ्या गल्लीला दिसायचं. तो त्या बैठकीला नव्हता. ती त्याची पाव पोचवायची वेळ.

"बेकरी एक नंबरला घ्या," एक जण म्हणाला. मी वर बघितलं. कुणी विरोध केला नाही. मी "१" हा आकडा काढला आणि पुढे बेकरीची भट्टी लिहिली. सुंदर अक्षरात.

"घरातले बंब ऱ्हायले की," मागून एका बाईचा आवाज आला.

"बंब कुठला आता? अण्णाचा तेवढा हाय."

माझा हात थांबला. तेवढ्यात साडू बोलला, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"अण्णांचा बंब नका लिवू. आंघोळीपुरता जाळ तो. एवढा म्हातारा बंब, त्याचा काय धूर हुतोय?"

सगळ्यांना ते पटलं. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याच्या धुराला कुणी धूर म्हणत नाही. तो शिजणाऱ्या भाताच्या वासासारखा घरचाच. साडूने मला वाचवलं होतं आणि मला राग आला तो याचा, की माझा बंब यादीत घेण्याच्याही लायकीचा नाही असं तो चारचौघांत म्हणाला. लिहायला मला हे आज लाजिरवाणं वाटतं, पण त्या क्षणी मी एवढाच विचार केला. मग कागदाला घडी घातली.

कचेरीतून दोघे आले, भट्टी बघितली, धुराडं उंच करा किंवा दुसऱ्या इंधनावर जा म्हणून सांगितलं. मामाच्या भाड्याच्या जागेत ते शक्य नव्हतं. बेकरी बंद करून गल्ली सोडायच्या आधी त्याची बायको साडूच्या घरी आली. मी तिथेच बसलो होतो. तिने मेहुणीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "आमच्या भट्टीनं तुमच्या जिवावर बेतलं बाई. आमाला कळलंच न्हाय." मेहुणीला खोकल्यामुळे उत्तर देता आलं नाही. मी पेपर वाचत होतो. पेपर तसाच धरून ठेवला.

बेकरी बंद झाली आणि मला भीती वाटायला लागली. आता खोकला थांबला नाही तर माणसं दुसरीकडे बघतील. मी एका दुपारी पत्र्यावर चढलो, बाक काढला, धुराडं चार फूट वर उचललं. उरलेले पॅटर्न गोणीत बांधून माळ्यावर टाकले. बंबात फक्त कोरडं निलगिरीचं लाकूड घालायला लागलो, तेही थोडं. पुढच्या हिवाळ्यात मेहुणी खोकली नाही. कणकुंबीला गेली नाही. मकर संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटत फिरली.

"बघा, भट्टी गेली आणि दमा गेला," गल्ली म्हणाली.

गणपतीत माझा सत्कार झाला. यादी करणारा माणूस म्हणून. साडूने भाषण केलं. म्हणाला, "माझी बायको आज तुमच्यापुढं बसलीया ती अण्णांच्या अक्षरामुळं." टाळ्या झाल्या. माझी बायको पहिल्या रांगेत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. कित्येक वर्षं मला हे असंच हवं होतं. ते मिळालं तेव्हा शाल टोचत होती.

त्यानंतर हा किस्सा आमच्या घराण्यात रुळला. कुणी पाहुणा आला, लग्नकार्यात चार बायका जमल्या, की मेहुणी सांगायची. पाववाल्याच्या धुराने मी मरणार होते आणि भाऊजींनी वाचवलं. मी तिथे असेन तर माझ्याकडे बोट करायची. या वर्षी थंडीत तिच्या नव्या सुनेला ती हे सांगत होती. सून भाबडी. उठून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, विनय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला म्हणालो, "चल पलीकडं. मला बोलायचं हाय."

साडू, मेहुणी, माझी बायको, तिघं समोर. मी सगळं सांगितलं. पॅटर्न, रंग, बाक, पश्चिम. "उन्हाचं पाणी" इथपासून सांगितलं. बायको माझ्याकडे असं बघत होती, जणू हा माणूस कुठल्या गल्लीतला, आपल्याकडे कसा आला.

साडू उठला, माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा, सोडा. झालं गेलं. मला काय वाटणार न्हाय. हे सांगायला छाती लागतीया."

खरं सांगतो, मला त्याचा हात झटकावासा वाटला. आयुष्यात एकदा मी काहीतरी अवघड केलं होतं आणि पाच सेकंदांत त्यातही मोठा तोच झाला.

"तुमी कोण सोडणार?" मेहुणी म्हणाली.

साडूने वळून बघितलं.

"खोकला माझा हुता. दोन वर्सं मी बसून झोपले. माफ करायचं का न्हाय ते मी बघीन. तुमी कशाला मधी?" मग माझ्याकडे वळून, शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मी आत्ता काय बोलत न्हाय. मला बोलायला यायला येळ लागंल. पर त्या बाईनं माझ्या पायाला हात लावलता. तुमी हितंच बसलावता."

"व्हय."

"मग हितं काय बसलाय अजून? जावा तिकडं."

मामा आता निपाणीच्या पुढे, कोगनोळीला, हायवेच्या कडेला मेहुण्याच्या बेकरीत काम करतो हे मी चौकशी करून काढलं. बसने गेलो. तिथे विजेचा ओव्हन आहे, स्टीलचा, कपाटासारखा. मामा बाकड्यावर बसून ट्रेला तेल लावत होता. केस सगळे गेलेले. मला ओळखलं.

"अण्णा! हिकडं कुठं? कोल्लापूरला निघालाय काय? बसा. चा घ्या."

चहा येईपर्यंत मी थांबलो नाही. सांगून टाकलं. तो ट्रेला तेल लावत राहिला. एक ट्रे, दुसरा, तिसरा. मग फडकं खाली ठेवलं.

"यादी तुमी लिवलीवती व्हय?"

"व्हय."

"माझं नाव एक नंबरला."

"व्हय."

"मला वाटलं गल्लीनं लिवली. गल्लीवर राग धरायचा कसा? म्हणून सोडून दिलं." त्याने ओव्हनकडे मान केली. "माझी मंडळी अजून ह्यो ओव्हन पेटवत न्हाय. बटण हाय, धूर न्हाय, तरी हात लावत न्हाय. म्हणती, आपल्या जाळानं एका बाईचा जीव जात हुता."

"मामा, माझं चुकलं," असं काहीतरी म्हणालो असेन.

"तोंडानं सांगून काय हुतंय? तोंडानं तर मला कुणीच काय म्हटलं न्हवतं. कागदावर लिवलावता न्हवं? मग कागदावरच लिवा." त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठकोरी बाजू माझ्यापुढे सरकवली. "दोन परती करा. एक माझ्या मंडळीला वाचून दावतो. दुसरी तिथंच लावा, जिथं पैली लावलीवती."

मी लिहायला घेतलं. एक: माझा बंब. रंगाचं लाकूड. धुराड्याचं तोंड साडूच्या खिडकीकडे. मग पानं, कोळसा, शेकोटी, पाचट, आठवेल तसं. तो खांद्यावरून वाचत होता.

"माझी भट्टी कुठाय?"

"ती आता कशाला?"

"कशाला म्हंजे? धूर हुता की. पहाटं मी सवता खोकायचो. खोटं नको अण्णा, परत खोटं नको." त्याने पहिल्या ओळीच्या लगेच खाली बोट टेकलं. "हितं. दोन नंबरला. एक नंबर तुमचा."

मी तसं लिहिलं, दुसरी प्रत काढली, दोन्हींवर सही केली. चहा तसाच राहिला होता. त्याने तो उचलून बाहेर ओतला. दुसरा आणून दिला नाही. मी उठलो तेव्हा तो कागद घेऊन आत चालला होता, आणि आतून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, "कोण आलंय हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळापाशी गेलो. काचेचा फळा उघडायची किल्ली पुजाऱ्याकडे होती. तो म्हणाला, "अण्णा, कशाला जुनं उकराय लागलाय? समद्यांच्या सह्या होत्या त्या कागदावर." मी म्हणालो, माझी एकट्याची सही असलेला हा नवा कागद आहे. त्याने किल्ली दिली. कागद लावताना टाचण्या सरळ बसेनात. कुणीतरी मागून कागदाचा कोपरा धरला. साडू होता. सकाळच्या गारठ्यात आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला होता.

"तुमी जावा आप्पा," मी म्हणालो. "हे माझं हाय."

"लावा तुमी. मी नुसतं उभारतो."

माणसं यायला लागली. पहिल्यांदा दूधवाला, मग देवळात येणाऱ्या बायका. वाचायचे, माझ्याकडे बघायचे, पुढे जायचे. एक जण मोठ्याने वाचून दुसऱ्याला सांगत होता. मेहुणी माझ्या बायकोबरोबर आली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकही ओळ न सोडता. बायकोचा हात धरून घरी गेली. त्या दिवसापासून बायको जेवण करून ठेवते आणि पलीकडे जाते. रागावलेली नाही म्हणते. भिंतीपलीकडून दोघींचं बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत.

तर त्या सकाळी मी तासभर त्या फळ्यापाशी उभा होतो, आणि साडू माझ्या शेजारी. जाता जाता एक म्हातारे गृहस्थ थांबले. कागद वाचला, चष्मा काढला, आणि साडूचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "आप्पा, काय मन म्हणायचं तुमचं! ह्येच्या शेजारी उभारलाय."

साडू म्हणाला, "थंडी हाय, घरला जावा काका."

मी खाली बघत होतो. लाज वाटत होती, ती अजून वाटते. पण सगळं सरळ लिहायचंच ठरवलं आहे म्हणून लिहितो, की त्या लाजेच्या आतसुद्धा, त्या क्षणी, मला त्याचा हेवा वाटला.